राणी कळपात आली त्या वर्षीची मंडई

बलिप्रतिपदेच्या सकाळी, गुरे रानाकडे निघण्याच्या वेळी, बेहडाटोला गावाच्या शिवेवरील माकड संगोपन केंद्रात राणी नावाची माकडीण जखमी झाली. केंद्राच्या भिंतीला लागून असलेल्या पांदणीवरून गायगोधनाचा ढोल चालला होता. ढोल ऐकताच राणी मागच्या दोन पायांवर उभी राहिली आणि ताठ चालू लागली. समोर कळपातला मोठा नर बसला होता. त्याने तिच्या डाव्या खांद्याचा लचका तोडला. त्या कळपात तिला आदल्याच दिवशी सोडले होते.

हे केंद्र तुमसर-मोहाडी रस्त्यापासून आत, एका जुन्या बोडीच्या काठी आहे. बोडी म्हणजे आमच्या भागातला लहान तलाव, आसपासच्या धानाला पाणी पुरवणारा. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा नावाजलेले जंगल बरेचसे तिकडे गेले. भंडाऱ्याच्या वाट्याला राहिलेल्या जंगलाच्या कडेला, काही वर्षांनी, हे केंद्र उभे राहिले. इथे वाघ नाही, बिबट्या नाही. मदाऱ्यांकडून जप्त झालेली, दुकानासमोर साखळीने बांधलेली, किंवा कुणी हौसेने घरात वाढवलेली आणि चावू लागल्यावर नकोशी झालेली लाल तोंडाची माकडे इथे राहतात. जंगलात सोडली तर ती जगत नाहीत. त्यांना झाडावर झोपणे माहीत नसते, दुसऱ्या माकडाशी कसे वागायचे तेही माहीत नसते. केंद्रात ती या दोन्ही गोष्टी शिकतात.

केंद्रात येण्याआधी मी भंडाऱ्याच्या एका दैनिकात उपसंपादक होते. दैनिक बंद पडले आणि केंद्राला भेट देणाऱ्यांची व्यवस्था बघणारे माणूस हवे होते. काम सांगायला सोपे होते. आलेल्या माणसाला आत न्यायचे, दाखवायचे, बाहेर आणायचे, आणि या सगळ्यात माकडाला काही होऊ द्यायचे नाही. निवृत्त होईपर्यंत हेच केले. बातमीत 'मी' लिहायचा नाही ही सवय हाताला आहे. या लेखात जिथे अगदी अडले, तिथेच तो येईल.

भेटीचे नियम फाटकाजवळच्या बाकावर बसवून सांगितले जात. माकडाच्या डोळ्यांत रोखून पाहू नये, कारण ते आव्हान असते. तोंड उघडून हसत पाहिले, तर त्याच्या लेखी तुम्ही भांडण उकरून काढले. हाताने खाऊ देऊ नये. टाळी, शिट्टी, डबा, काहीही वाजवू नये. नियम ऐकल्यावर निम्मे पाहुणे विचारत, "मंग खेळ कधी सुरू होते जी?" इथे खेळ नाही म्हटल्यावर काही जण बाकावरूनच परत जात. माझ्या कामाचा तो यशस्वी भाग होता.

पाहुण्यांचे प्रकार बरेच पाहिले. एक शिक्षक पोरांना रांगेत उभे करून आधी त्यांच्याकडून माकडांना नमस्कार करवून घेत. एक पुढारी हार घेऊन आले होते. हार माकडाला घालायचा की माकडाकडून घालून घ्यायचा, हे त्यांच्या कार्यकर्त्यांत शेवटपर्यंत ठरले नाही. मोहाडीजवळचा एक शेतकरी दर हंगामात येई. त्याच्या शेतात काळ्या तोंडाची वानरे उतरत.

"मॅडम, तुमचं एक लाल तोंड्या द्या ना जी. काळतोंडे त्याले पाहून पळतीन."

"नाही पळत."

"पळतीन ना जी. माह्या साळ्याले पाहून पाहुणे पळते, तसे."

त्याला दर वेळी चहा मिळाला. माकड कधी मिळाले नाही. तरी तो येत राहिला. मागे एकदा साळाही सोबत आला होता. स्वभावाने गरीब वाटला.

शनिवार अवघड जाई. शनिवारी लोक नारळ, शेंदूर आणि केळी घेऊन येत. माकड म्हणजे मारोती, आणि मारोतीकडे रिकाम्या हाताने जात नाहीत. गावात माकड मेले तर बेहडाटोल्यात आजही भजन लावून त्याला माती देतात. अशा गावाला 'केळे देऊ नका' असे फाटकावरून सांगावे लागे. शेंदूर माकडाच्या पोटात जातो. हातातून केळे मिळाले की माकड पुन्हा हाताकडे बघू लागते, आणि वर्षभराचे काम मागे जाते. हे कारण खरे होते आणि ते दर शनिवारी सांगितले. तरीही परत जाणाऱ्या बायांच्या पदराखालचे नारळ बघणे कोणाला आवडत नसे.

राणीची जप्ती तुमसरच्या बसस्थानकाजवळ झाली. जप्त केलेले माकड कायद्याने मुद्देमाल असते. प्रकरण संपेपर्यंत ते मुद्देमाल म्हणूनच केंद्रात राहते. मुद्देमालाला ताप येतो, मुद्देमाल रुसतो, मुद्देमाल रात्री कण्हतो. राणी आली तेव्हा तिच्या कमरेला दोरीचा वळ होता आणि अंगात लाल घागरा होता. घागरा केंद्राच्या डॉक्टरांनी कापून काढला. माणूस दिसला की ती उजवा हात कपाळाला लावून सलाम करी. समोर कोणी थांबला तर हाताला लागेल ते डोक्यावर पदरासारखे घेई आणि दोन पायांवर उभी राही. हा तिचा मुख्य खेळ होता. मदारी विचारी, 'सासरी जाशील का?' आणि ढोलकीच्या ठेक्यावर ती पदर घेऊन सासरी चालत जाई.

एकदा उन्हाळ्यात तो मदारी फाटकाशी आला. पूर्वीच्या मालकाला आत सोडत नसत, म्हणून तो बाहेरच थांबला. म्हातारा होता. पायात वेगवेगळ्या दोन चपला होत्या. त्याने एकच प्रश्न विचारला.

"खाती है ना?"

खाते, असे सांगितले. तो थोडा वेळ भिंतीकडे बघत उभा राहिला आणि तुमसरच्या दिशेने गेला. त्याच्या पोटाची सोय कायद्यात कुठे लिहिलेली नव्हती. तो पुन्हा आला नाही.

माणसाळलेले माकड माकडात कसे आणतात, हे पाहुणे नेहमी विचारत. पहिले काम असते त्याची नजर हाताकडून जमिनीकडे वळवण्याचे. आमच्याकडे धानाच्या तणसाला, म्हणजे पेंढ्याला, तोटा नाही. तणसाचा मोठा ढीग करायचा, त्यात भिजवलेले चणे विखरायचे आणि निघून जायचे. रानातले माकड दिवसाचा बराच वेळ खाणे शोधण्यात घालवते, ते इथे या ढिगात घालवते. राणीला आपणहून हात तणसात घालायला एक पूर्ण पावसाळा लागला.

दुसरे काम ओळखीचे. नवे माकड एकदम कळपात सोडत नाहीत. त्याला शेजारच्या जाळीत ठेवतात आणि कळपातली एखादी शांत, वयस्क मादी जाळीपलीकडे बसू लागते का, ते बघतात. राणीसाठी मंगळा नावाची मादी बसू लागली. पुढे जाळीतून बोटे घालून मंगळा राणीचे केस विंचरू लागली. त्या दिवशी पंचफुलाने डॉक्टरांना हाका मारून बोलावले होते.

पंचफुला बेहडाटोल्याचीच. रोवणीच्या दिवसांत ती धान रोवायला जाई, बाकी वर्षभर केंद्रात माकडांचे खाणेपिणे बघे. कळपातल्या मोठ्या नराचे नाव 'ठाणेदार' तिनेच ठेवले होते. राणीला जप्तीतून आणले त्या दिवशी तिला गाडीतून उतरवणारी तीच होती, आणि राणीने पहिला सलाम तिलाच केला होता. "मले सलाम करते म्हणजे मी मालकीण झाली," असे ती म्हणे आणि तोंड फिरवी, कारण सलामाला उत्तर द्यायचे नाही हा नियम होता.

डॉक्टर पुण्याकडचे, तरुण आणि कामाचे. पाऊस संपलेला, थंडी सुरू व्हायची, अशा वेळी कळपात सोडणे बरे, म्हणून त्यांनी दिवाळीचे दिवस निवडले. प्रतिपदेला आमच्याकडे गोवारी बांधव ढोल वाजवत गुरे रानात नेतात आणि तो ढोल भिंतीजवळूनच जातो, हे त्यांना ठाऊक नव्हते. ज्यांना ठाऊक होते, त्यांना ते वेगळे सांगण्यासारखे वाटले नाही. प्रतिपदा आहे म्हणजे ढोल आहेच, तो कोणाला सांगायचा? राणीचा खांदा फाटला तो यामुळे.

टाके घालून राणीला पुन्हा जाळीपलीकडे नेले. जखम लवकर भरत आली, आणि दुसऱ्या बाजूने मंगळा येऊन बसत होती. परंतु नागपूरच्या मुख्य कार्यालयातून फोन आला. एका प्राणिसंग्रहालयात एकट्या माकडाचा पिंजरा रिकामा झाला होता. पौष लागेपर्यंत राणी कळपात स्थिरावली नाही, तर तिला तिथे पाठवायचे, असे ठरले. त्या पिंजऱ्यासमोर दिवसभर माणसे असतात. राणी दिवसभर सलाम करत राहिली असती.

ती स्थिरावली असे सांगता यावे, तर तिला लगेच पुन्हा कळपात सोडून काही आठवडे पाहणे आवश्यक होते. आणि त्याच आठवड्यांत बेहडाटोल्याची मंडई होती.

मंडई म्हणजे दिवाळीनंतर झाडीपट्टीतल्या गावागावांत भरणारी जत्रा. दुपारी गोवाऱ्यांची ढाल निघते. ढाल हे नाव, पण ती लढाईची नव्हे. उंच बांबूला मोरपिसे आणि रंगीत कापड बांधलेली ती देवता असते, आणि तिच्यापुढे ढोलावर नाच चालतो. संध्याकाळी दंडार हा नाचगाण्याचा खेळ, रात्री नाटक. लेकी माहेरी येतात. सोयरिकी इथे जुळतात. शेजारच्या गावांच्या मंडया एकमेकींवर येऊ नयेत अशा आधीच ठरलेल्या असतात, त्यामुळे दिवस हलत नाही. बेहडाटोल्याची ढाल मारोतीच्या देवळापासून निघून, केंद्राच्या भिंतीला पूर्ण लांबीने घासून, बोडीपलीकडच्या मैदानात जाते. दुसरी वाट धानाच्या बांधीतून आहे, आणि बांधीत त्या दिवसांत कापणी चाललेली असते.

"आपण पोलिसांकडून आदेश घेऊ. वाद्यबंदीचा," डॉक्टर म्हणाले.

पंचफुला तणस पसरत होती. ती म्हणाली, "घ्या ना जी सायेब. मंग आमचे पोट्टे एकाच्या जागी चार ढोल आणतीन."

आदेशाचा विषय तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी मी मंसारामजींकडे गेले. मंसारामजी मंडई समितीचे प्रमुख. डोक्याला पांढरा फेटा, बोलणे सावकाश. देवळाच्या ओट्यावर त्यांच्याभोवती मंडईची मंडळी बसली होती.

"या जी मॅडम. आज इकडं कशी वाट चुकली?"

"मंडईबद्दल बोलायचं होतं."

"बोला ना. आमच्याकडं बसाले बाक नाही, अन् बसल्यावर सांगाले नियमही नाही."

ओटा हसला. ढोलाचे आणि जखमेचे सर्व सांगितले. भिंतीच्या लांबीपुरता ढोल थांबवावा, एवढी विनंती केली. मंसारामजींनी मध्ये एकदाही तोडले नाही. बोलणे संपल्यावर म्हणाले, "शनवारी आमच्या बाया नारळ घेऊन आल्या तं तुमी फाटकावून परत धाडल्या. तवा आमी काही बोललो का? नाही. आता म्हणता ढाल मुकी चालवा. कायले जी? वांदरासाठी?"

"वांदराच्या कानात कापूस घाला ना, मॅडम," मागून एक जण बोलला.

"तुह्या बायकोनं घातला तसा," दुसरा बोलला, आणि ओटा पुन्हा हसला.

हशा ओसरल्यावर विचारले, "वाटेत एखाद्या घरी मयत झालेली असेल, तर ढाल कशी जाते?"

"ढोल थांबवतो. त्या घरापुरता. पाय फक्त चालते."

"मग तेवढंच मागते. भिंतीपुरतं."

"मयत झाली का तुमच्याकडं?"

"नाही."

"मंग?" मंसारामजी म्हणाले. "मयत नसताना ढोल थांबवला तं ते अशुभ होते जी. तुमी मोहाडीच्या, विणकरायच्या घरच्या. तुमच्या घरी कोणी मेल्याबगर माग थांबवला होता का कोणी?"

लहानपणी आमच्या घरचा माग बंद दिसला की शेजारचे दारात येऊन कोण गेले ते विचारत.

ओट्याच्या पायरीशी त्यांची पत्नी भागीरथीबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. सुपातून मान वर न करता त्या म्हणाल्या, "पायल्याबगर कायले भांडता? आमाले दाखवा तं ते वांदर. मंग सांगू."

"पण नियम..." एक जण म्हणाला.

"नियम ऐकू ना. ऐकाले का पैसे पडते?"

भेट ठरली. गावच्या बाया एकत्र कधी केंद्रात आल्या नव्हत्या. मारोतीला रिकाम्या हाताने कसे जायचे हा प्रश्न पुन्हा निघाला. लाखोरीची डाळ आणतो म्हणाल्या, घरोघरी ती असते. डॉक्टरांनी नको म्हटले, कारण लाखोरी जास्त झाली तर पायांतली ताकद जाते. चणा आणा, आणि हातात देऊ नका, तणसात टाका, असे पंचफुलाने घरोघरी जाऊन सांगितले.

बाया आल्या त्या धुतलेल्या लुगड्यांत, पदरात मूठ मूठ चणे बांधून. बाकावर मावल्या नाहीत, खाली बसल्या. नियम सांगायला सुरुवात केली. डोळ्यांत पाहू नका. तोंड उघडून हसू नका.

"हासाचं नाही?" एक म्हातारी म्हणाली. "आमच्या सासूबाई जित्या असत्या तं त्याईलेच इथं राखाले ठेवलं असतं. साऱ्या जिंदगीत एक डाव हासली नाही बाई."

सगळ्याजणी तोंडाला पदर लावून हसल्या. नियम पाळला गेला.

कळपाच्या आवारात तणसाचे ढीग होते. कळप पलीकडच्या बाजूला बंद केला होता. बायांनी एकेक करून पदर सोडला, चणे तणसात टाकले, वाकून जमिनीला हात लावला आणि मागे झाल्या. दर शनिवारी फाटकावर जे अडे, ते त्या दिवशी काही न बोलता पार पडले. पुढे शनिवारची रीत हीच झाली. नारळ देवळात फुटू लागला आणि चणे केंद्रात येऊ लागले. माझ्या सगळ्या नोकरीत नियम सांगून जे साधले नव्हते, ते असे साधले.

मग राणीच्या जाळीसमोर आलो. माणसे दिसताच राणीने हात कपाळाला लावला. राणीने तणसाची मूठ उचलून डोक्यावर धरली आणि दोन पायांवर उभी राहिली. तिचा डावा हात नीट वर जात नव्हता. टाक्यांची जागा दिसत होती.

भागीरथीबाई जाळीपासून दूर होत्या. त्या म्हणाल्या, "अवं माय. हिले मी पायली आहे. मोहाडीच्या बाजारात. तो मदारी म्हणे, सासरी जाशील का, अन् हे पदर घेऊन चाले. लय हासली होती मी तवा."

मग त्यांचे लक्ष टाक्यांकडे गेले.

"खांद्याले का झालं हिच्या?"

पंचफुलाने सांगितले. "नवीन कळपात सोडली होती मामी. ढोल वाजला. हिले वाटलं आपला खेळ लागला, हे उठून चालाले लागली. ठाणेदाराले वाटलं माह्यावर चालून आली."

"म्हणजे आपल्याच गोधनाचा ढोल."

"आपलाच."

राणी अजून उभीच होती. समोरची माणसे जात नव्हती, म्हणून खेळ संपत नव्हता. भागीरथीबाईंच्या ते लक्षात आले. त्यांनी आधी स्वतः पाठ फिरवली आणि बाकीच्यांना खूण केली. सगळ्याजणी वळल्या. काही वेळाने मागे तणसाची खसखस ऐकू आली. राणी खाली बसली होती.

फाटकाशी आल्यावर भागीरथीबाई म्हणाल्या, "आता खरंच सासरी आली पोरगी. सासरी आलेल्या पोरीले पहिल्याच दिवशी साऱ्या गावापुढं नाचवते का कोणी? ढोल थांबन."

"मंसारामजींना विचारावं लागेल ना?"

"इचारीन ना जी. पण थांबन."

ओट्यावर काय बोलणे झाले, ते कळले नाही. पंचफुलाने दोन दिवसांनी एवढेच सांगितले की मामा, म्हणजे मंसारामजी, आधी अशुभाचे बोलले, आणि मामी म्हणाली की अशुभ मेलेल्यासाठी थांबण्यात असते, आलेल्यासाठी थांबण्यात नसते. नव्या नवरीच्या दारावरून ढाल मुकी गेली तर देवाला राग येणार नाही, हे ती स्वतः देवाला सांगणार होती.

राणीला कळपात सोडले. मंगळा तिच्याजवळ होती. ठाणेदार आवारातल्या दूरच्या ओट्यावर बसून बघत होता. पुढचे दिवस तसेच गेले. तो आला नाही, आणि तिनेही त्याच्या वाटेला जाणे टाळले. ती मंगळाच्या मागे मागे राही.

मंडईच्या दिवशी दुपारी डॉक्टर, पंचफुला आणि मी आवाराच्या आडोशाला उभे होतो. दूर देवळापाशी ढोल सुरू झाला. राणीने मान वर केली. ढोल जवळ येत होता. राणीचा एक हात जमिनीवरून उचलला गेला. पंचफुलाने तोंडात पदर धरला होता. ठाणेदार ओट्यावर उभा राहिला.

भिंतीच्या कोपऱ्यावर ढोल थांबला.

मग फक्त पाय ऐकू येऊ लागले. नाचणाऱ्यांनी घुंगरू सोडून खांद्यावर टाकले होते, हे नंतर कळले. पांदणीवरून एवढा जमाव चालला होता आणि पोर रडल्याचाही आवाज नव्हता. भिंतीवरून ढालीचे टोक तेवढे दिसत होते. मोरपिसे आणि लाल-पिवळे कापड भिंतीच्या माथ्यावरून हळूहळू सरकत होते, खाली कोणी दिसत नव्हते.

ठाणेदाराने ते बघितले आणि इशाऱ्याचा आवाज काढला. रानात काही परके दिसले की नर असा आवाज काढतो, आणि कळप झाडावर चढतो. आवाज आला आणि सगळा कळप आवारातल्या मोठ्या मोहाच्या झाडाकडे धावला. मंगळा धावली. राणी क्षणभर एकटी जमिनीवर राहिली. मग तीही धावली. चारही पायांवर. मंगळाच्या शेजारच्या फांदीवर जाऊन बसली आणि कळपाबरोबर मोरपिसांकडे बघू लागली.

"चढली!" पंचफुला एवढेच म्हणाली. डॉक्टरांनी तिला गप्प राहण्याची खूण केली आणि स्वतःचा चष्मा काढून पुसू लागले.

भिंत संपली. बोडीच्या पाळीवर गेल्यावर ढोल पुन्हा सुरू झाला. जरा जास्तच जोरात. राणी झाडावर होती. झाडावर दोन पायांवर उभे राहता येत नाही.

पौष लागण्याआधी डॉक्टरांनी मुख्य कार्यालयाला फोन केला. थंडीत कळपातली माकडे एकमेकांना बिलगून गोळा होऊन झोपतात. त्या गोळ्यात आता राणी बाहेरच्या कडेला नसते, मधे असते, असे त्यांनी सांगितले. प्राणिसंग्रहालयाची गाडी आली नाही. पंचफुलाला पाहून राणी अजून कधी कधी सलाम करी, पण हात कपाळापर्यंत न्यायच्या आधीच तिचे दुसरीकडे लक्ष जाई.

केंद्रात देशी-परदेशी पाहुणे येऊन गेले. ते आवार, जाळी, औषधे बघत आणि कौतुक करत. त्यांना मी नेहमी भिंतीबाहेरची पांदणही दाखवत असे. तिथे बघण्यासारखे काही नाही. गाडीवाट आहे, बाजूला बेशरमाची झुडपे आहेत. या वाटेवर एका गावाने आपली ढाल मुकी चालवली, एवढे सांगितले जाई. काहींना ते भाषांतर करून सांगावे लागे, आणि काहींना सांगूनही कळत नसे.

पुढच्या वर्षीच्या मंडईला गावातला मुख्य ढोलवाला आजारी होता. समितीने बपेरा गावाकडची ढोलाची मंडळी बोलावली. त्यांना सर्व सांगितले होते, भिंतीचे सांगायचे राहिले. बेहडाटोल्यात आता ते सर्वांना ठाऊक होते, म्हणून वेगळे सांगावे असे कोणाला वाटले नाही.

ढोल भिंतीच्या कोपऱ्यावर आला आणि थांबला नाही. आत मी आणि पंचफुला होतो. पंचफुला फाटकाकडे धावली. बाहेर मंसारामजी फेटा हातात धरून ढालीच्या मागून पुढे पळत होते, आणि त्यांचा आवाज ढोलावरून आत येत होता.

"अबे थांबा! थांबा ना जी! पोरीचं सासर आहे इथं!"

ढोलवाल्यांना काही ऐकू येत नव्हते. थांबला तोपर्यंत ढोल अर्धी भिंत वाजत आला होता.

पंचफुला परत आली, तिला धाप लागली होती. "का झालं? उठली का?"

राणी उठली नव्हती. ती मंगळाच्या बाजूला तणसात बसली होती. तिचे दोन्ही हात ढिगात होते. त्यातला एक बाहेर आला, तेव्हा त्याच्या मुठीत चणे होते.